याशा गोबी आणि पिस्तूल कोळंबी: घ्यायची तर जोडीच घ्या

खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीसाठी याशा गोबी हा मासा आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पिस्तूल कोळंबी अशी जोडी घेतली. मी दोघांवर बेहद्द खूश आहे. मासा जेमतेम 5-6 सेंटिमीटरचा, पांढऱ्या अंगावर लाल पट्टे, पाठीवर उंच पर.

पण पैसे वसूल होतात ते त्यांचं काम बघताना. कोळंबीला नीट दिसत नाही. ती बीळ खणते, वाळू बाहेर ढकलते, आणि बाहेर असताना एक मिशी माशाच्या अंगाला टेकवून ठेवते. मासा दारात पहारा देतो. धोका वाटला की त्याची शेपटी थरथरते, आणि कोळंबी तडक आत! कितीही वेळ बघत बसलं तरी कंटाळा येत नाही.

टाकी मात्र तशी हवी. नुसत्या बारीक वाळूत बीळ ढासळतं. प्रवाळाचे तुकडे मिसळा. दगड आधी तळाच्या काचेवर पक्के बसवा, मग वाळू घाला, नाहीतर खोदकामाने दगड घसरून दोघंही चिरडतील. झाकण किंवा जाळी हवीच, हा मासा उडी मारतो. दांडगट मासे सोबत नकोत. आणि मोठ्याने ‘टक्’ आवाज आला तर घाबरू नका, कोळंबीने नांगी वाजवली असेल.