क्रूझसाठी मेडिकल विमा: व्हिसापुरता की घरी परत आणणारा?

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून निघणाऱ्या बऱ्याच क्रूझ मिकोनोस, सँटोरिनी करत एक दिवस तुर्कस्तानातल्या कुशादासीला लागतात. ग्रीस शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, तुर्कस्तान नाही. व्हिसासाठी काढलेल्या पॉलिसीवर ‘फक्त शेंगेन देशांत लागू’ असं छापलेलं असेल आणि नेमका कुशादासीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, तर त्या दिवशी तुमच्याकडे विमा नाही, असाच त्याचा अर्थ होतो. (अशा मार्गासाठी व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो, कारण तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून परत आत येता.) म्हणूनच क्रूझचा विमा निवडताना ‘सक्ती कशाची आहे’ आणि ‘गरज कशाची आहे’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत, असं मला मनापासून वाटतं.

सक्तीचा प्रश्न लवकर संपतो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो. तो सगळ्या शेंगेन देशांत चालला पाहिजे, आणि त्यात तातडीचे उपचार, रुग्णाला मायदेशी परत आणणं व मृत्यू झाल्यास पार्थिव परत पाठवणं, हे सगळं हवं. क्यूबाने २०१० पासून परदेशी प्रवाशांना मेडिकल विमा सक्तीचा केला आहे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला विम्याची अट नाही, आणि उपचार मात्र तिथेच सगळ्यात महाग. देशांपलीकडे जहाज कंपन्यांच्याही अटी असतात. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या मोहीम-जहाजांवर वैद्यकीय स्थलांतराचा, म्हणजे इव्हॅक्युएशनचा विमा असल्याशिवाय साधारणपणे घेत नाहीत. काही ब्रिटिश कंपन्या विमा ही बुकिंगचीच अट ठेवतात. इतर बऱ्याच मोठ्या कंपन्या फक्त शिफारस करतात. तेवढ्यावर ‘नाही काढला तरी चालेल’ असं समजू नका.

आधी नकाशा, मग पॉलिसी

डॅन्यूब किंवा ऱ्हाइनवरच्या नदी-क्रूझमध्ये बोटीवर बहुतेक वेळा डॉक्टरच नसतो, पण किनारा हाकेच्या अंतरावर असतो. दुखलं-खुपलं तर रुग्णवाहिका बोलावून जवळच्या शहरात नेतात. इथे चांगली साधी प्रवास-पॉलिसी बहुधा पुरते. फक्त मार्गातला प्रत्येक देश तिच्यात आहे का, ते पाहायचं. सर्बिया डॅन्यूबवर आहे, पण शेंगेनमध्ये नाही.

भूमध्य समुद्र किंवा कॅरिबियनमधल्या मोठ्या जहाजावर दवाखाना, डॉक्टर आणि नर्स असतात. तिथे रुग्णाला स्थिर करतात. मोठी शस्त्रक्रिया किंवा लांबलेला अतिदक्षता उपचार हे तिथलं काम नव्हे. कॅरिबियनच्या बऱ्याच क्रूझ मायामी किंवा फोर्ट लॉडरडेलहून सुटतात, आणि प्रवाशाला परत आणून उपचार देण्याची वेळ आली तर तेही अनेकदा फ्लोरिडातच. त्यामुळे ‘अमेरिका व कॅनडा वगळून जगभर’ अशी स्वस्त पॉलिसी या सहलीला घेणं मोठी चूक ठरेल.

अंटार्क्टिकाची गोष्ट आणखी वेगळी. तिथून रुग्णाला काढायचं तर अनेकदा जहाज किंग जॉर्ज बेटाकडे वळवावं लागतं, आणि तिथल्या धावपट्टीवरून विमानाने चिलीतल्या पुंता अरेनासला. हवामान बिघडलं की तेही थांबतं. इथे उपचाराच्या रकमेपेक्षा इव्हॅक्युएशनची मर्यादा आधी पाहावी. अटलांटिक किंवा पॅसिफिक ओलांडणाऱ्या सफरींनाही हेच लागू, कारण समुद्राच्या मधोमध हेलिकॉप्टरच्या टप्प्यात काहीच नसतं.

कंपनीची योजना की बाहेरची पॉलिसी?

बुकिंग करताना पडद्यावर एक चौकोन येतो: जहाज कंपनीची संरक्षण योजना जोडायची का? सोपं असतं, पटकन होतं. या योजनांचा जोर प्रवास रद्द झाल्यास पैसे परत देण्यावर असतो. तेही कधी रोख, कधी पुढच्या क्रूझसाठीचं क्रेडिट. अमेरिकी बाजारातल्या अशा अनेक योजनांत उपचारांची मर्यादा १० ते २५ हजार डॉलरच्या आसपास असते. अतिदक्षता विभागातल्या थोड्याच दिवसांत एवढी रक्कम संपू शकते. शिवाय विमानाची तिकिटं तुम्ही स्वतः काढली असतील, तर ती बऱ्याचदा या योजनेबाहेर राहतात.

बाहेरच्या विमा कंपनीची क्रूझ-कव्हर असलेली पॉलिसी घेतली, तर रक्कम आपण ठरवतो. तिच्यात जहाजासाठीच बनवलेल्या गोष्टीही मिळतात: आधीचं विमान उशिरा आल्याने बोट चुकली तर पुढच्या बंदरापर्यंत जाण्याचा खर्च, नोरोव्हायरसमुळे (उलट्या-जुलाबाच्या साथीमुळे) केबिनमध्ये अडकून पडल्याबद्दल भरपाई, आजारामुळे वाया गेलेल्या किनारा-सहली. पण क्रूझ हा भाग काही पॉलिसींमध्ये ॲड-ऑन असतो. तो जोडला आहे का, हे विचारूनच पैसे भरा. वर्षभराच्या मल्टि-ट्रिप पॉलिसीचा हप्ता किफायतशीर असतो, मात्र एका सहलीच्या दिवसांवर तिच्यात मर्यादा असते, अनेकदा ३० किंवा ४५ दिवसांची. लांबलचक जगप्रदक्षिणेला ती उपयोगाची नाही.

माझं मत स्पष्ट आहे: पैसे फक्त एका ठिकाणी घालता येत असतील, तर ते उपचार आणि इव्हॅक्युएशनवर घाला. बुडालेलं तिकीट परवडतं. परक्या देशातून स्ट्रेचरवर, डॉक्टर-नर्ससह एअर ॲम्ब्युलन्सने घरी येण्याचा खर्च घर गहाण टाकायला लावू शकतो. त्या कलमात ‘जवळच्या योग्य रुग्णालयापर्यंत’ लिहिलंय की ‘मायदेशापर्यंत’, हे दोनदा वाचा. बरोबरचा जोडीदारही बंदरात उतरणार, हे लक्षात ठेवा. त्याचं हॉटेल आणि परतीचं तिकीट पॉलिसीत आहे का?

घरचा आरोग्य विमा चालेल, या भरवशावर राहू नका. अमेरिकेचं मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, जहाजावरचे उपचार मान्य करतं ते जहाज अमेरिकी बंदरात किंवा तिथून ६ तासांच्या आत असेल तेव्हाच, आणि तेही इतर अटींसह. ब्रिटनचं जीएचआयसी कार्ड, म्हणजे ब्रिटिश रहिवाशांना युरोपात सरकारी उपचार मिळवून देणारं कार्ड, रुग्णाला विमानाने घरी आणण्याचा खर्च देत नाही.

आई-बाबांसाठी काढत असाल तर

इथे घाई करू नका. क्रूझवर ज्येष्ठ मंडळी भरपूर असतात, आणि क्लेम नाकारला जाण्याचं एक मोठं कारण म्हणजे आधीपासूनचा आजार. रक्तदाब, मधुमेह, जुना स्टेंट, काहीही लपवू नका. काही कंपन्या पॉलिसी घेण्याआधीच्या ६० ते १८० दिवसांत औषध बदललं का, डोस वाढवला का, हे पाहतात. म्हणजे आजार जुना असला तरी गेल्या महिन्यात गोळी बदलली, तर तो ‘अस्थिर’ धरला जाऊ शकतो. अमेरिकी पॉलिसींत सहलीची पहिली रक्कम भरल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांत विमा घेतला, तर ही अट माफ करण्याची सोय अनेकदा मिळते. त्यामुळे विमा निघायच्या आदल्या आठवड्यात काढण्याऐवजी बुकिंगसोबतच काढावा. ‘फक्त जीवघेण्या प्रसंगी’ आधीचा आजार मान्य करणारी पॉलिसी आणि पूर्ण मान्य करणारी पॉलिसी यांच्या हप्त्यात फरक दिसेल; आई-बाबांसाठी मी दुसरीच घेईन. गरोदर प्रवाशांसाठी एवढंच, की प्रवासादरम्यान २४ वा आठवडा लागणार असेल तर बहुतेक जहाज कंपन्या चढूच देत नाहीत.

आणखी एक गोष्ट घरातून निघण्याआधी ठरवून ठेवा. जहाजावरच्या दवाखान्यात कॅशलेस नसतं असंच धरून चला. तपासणी, सलाइन, औषधं सगळं तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं, उतरण्याआधी कार्डावरून कापलं जातं आणि मग विमा कंपनीकडून परत मागायचं. त्यासाठी कार्डाची मर्यादा पुरेशी हवी, तपशीलवार बिल हवं आणि डॉक्टरच्या सहीचा अहवाल हवा. हे तिन्ही उतरण्यापूर्वीच मागून घ्या. रुग्णाला हलवायची वेळ आली तर शक्य होताच विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा. स्वतःहून ठरवलेल्या एअर ॲम्ब्युलन्सचे पैसे बऱ्याच पॉलिसी देत नाहीत. तो क्रमांक आणि पॉलिसी नंबर कागदावर लिहून दोघांच्याही पाकिटात ठेवा, कारण फोन ज्याच्याकडे असतो, आजारी तोच पडू शकतो.