मिरजेतलं सोनोग्राफी-सीटी सेंटर : आत्याच्या तपासणीचा अनुभव

जेवण झालं की आत्याच्या उजव्या बरगडीखाली दुखायचं. गावाकडच्या सोनोग्राफीत ‘पित्ताशयात खडे, सूज’ एवढंच आलं आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीखही ठरली. सर्जननी त्याआधी एकदा या सेंटरला पाठवलं, हे फार बरं झालं.

इथल्या रेडिओलॉजिस्ट बाईंनी अजिबात घाई केली नाही. ‘मावशी, डाव्या कुशीवर वळा, श्वास धरून ठेवा,’ असं म्हणत त्या स्क्रीनवर आम्हालाही दाखवत होत्या. कूस बदलली की खडा घरंगळायचा. पण पित्ताशयाच्या बुडाशी असलेला जाड भाग जागचा हलला नाही. डॉपलर लावल्यावर त्यात रक्तप्रवाह दिसला, म्हणजे तो खडा किंवा गाळ नव्हता. पित्ताशयाची भिंत एरवी ३ मिमीच्या आत असते. इथे ती एकाच बाजूला बेढब वाढलेली, आणि यकृताकडची कडा पुसट. बाईंनी तिथूनच सर्जनना फोन लावला.

क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पाहून मग कॉन्ट्रास्ट सीटी, म्हणजे शिरेतून औषध देऊन केलेला स्कॅन, झाला. रिपोर्टमध्ये ही गाठ यकृतात किती आत शिरलीय, कुठल्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, कुठले लिम्फ नोड (रोगाशी लढणाऱ्या शरीरातल्या छोट्या ग्रंथी) मोठे आहेत, सगळं नीट लिहिलेलं. कॅन्सरची दाट शंका, पण जुनाट सुजेचा एक प्रकार हुबेहूब असाच दिसतो, हेही स्पष्ट नमूद केलं होतं. उगाच ठाम बोलले नाहीत, याचं मला मोल वाटतं.

साधं ऑपरेशन रद्द झालं. नुसतं पित्ताशय काढताना ते फुटून पित्त सांडलं, तर कॅन्सरच्या पेशी पोटात पसरायची भीती असते. सुई घालून तुकडाही आधी काढला नाही, कारण गाठ काढण्याजोगी दिसत होती. मोठ्या ऑपरेशनमध्ये यकृताचा लगतचा भाग आणि लिम्फ नोडही काढले. काढलेल्या भागाच्या बायोप्सीत अॅडेनोस्क्वॅमस कार्सिनोमा हा कॅन्सर निघाला. हा प्रकार विरळा आणि फार झपाट्याने यकृतात घुसणारा. आता केमो चालू आहे.

तक्रार एकच, पण मनापासून. आत्याला मधुमेह आहे आणि सोनोग्राफीला सहा-आठ तास उपाशी यावं लागतं. तरी नंबर आल्याच्या क्रमानेच लावतात. अशा पेशंटना सकाळी पहिल्यांदा घ्यायलाच हवं. तुम्ही जाल तेव्हा काउंटरवर मधुमेहाचं आधीच सांगा, जुने रिपोर्ट न्या आणि फिल्मसोबत सीडी मागून घ्या. पुढच्या हॉस्पिटलात सर्जन तीच आधी बघतात.