व्हायकिंग योद्धे घरी ओतायचे: धातूत की रेझिनमध्ये?

व्हायकिंग योद्ध्याची चिमुकली आकृती धातूत ओतायची की रेझिनमध्ये, म्हणजे दोन द्रव कालवून घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये, हे नमुन्याची पुट्टी मळायला घेण्याआधी ठरवा. ज्यावरून साचा काढायचा तो नमुना किती जाड असावा, हात अंगापासून किती लांब जावेत, साच्याला कोणतं सिलिकॉन लागेल, हे सगळं त्यावरूनच ठरतं. आधी योद्धा घडवून मग ओतायचं बघू म्हणणाऱ्यांच्या प्रती बहुतेक वेळा तलवारीच्या टोकाविना बाहेर येतात. पुढचा हिशेब २८ मिलिमीटरच्या आकृतीचा आहे. हे माप तळव्यापासून डोळ्यापर्यंतचं, म्हणजे प्रमाण साधारण १:५६.

प्रती जास्त की साचे जास्त?

धातूचं गणित प्रतींवर चालतं, रेझिनचं साच्यांवर. एका आकृतीत जेमतेम दीड घन सेंटिमीटर माल जातो. पॉलियुरेथेन रेझिन दोन भागांचं असतं आणि बहुधा समप्रमाणात कालवतात. दोन्ही मिळून १० मिलिलिटरच्या खाली गेलात, तर सिरिंजमधल्या थेंबभर चुकीनेही प्रमाण बिघडतं आणि प्रत रबरासारखी मऊ किंवा चिकट राहते. म्हणजे एकच साचा असेल तर दर खेपेला आठ मिली कचऱ्यात. पाच-सहा साचे मांडलेले असतील, ढाली आणि बेसचे (पायाखालच्या बैठकीचे) साचे शेजारी उघडे असतील, तरच रेझिन परवडतं.

धातूत काहीच वाया जात नाही. स्प्रू (ओतायच्या वाटेत जमलेला धातू), फ्लॅश (साच्याच्या फटीत आलेला पापुद्रा), नाक नसलेला योद्धा, सगळं परत पळीत. धातू एक-दोन मिनिटांत घट्ट होतो, तर झटपट रेझिनलाही साच्यातून निघायला साधारण अर्धा तास लागतो. तेव्हा एकाच योद्ध्याच्या वीस प्रतींची ढालभिंत उभी करायची असेल तर धातू घ्या. सहा वेगळे योद्धे दोन-दोन प्रतींत हवे असतील तर रेझिन.

हातातलं वजन हा आवडीचा प्रश्न. तीच आकृती रेझिनमध्ये दीड ग्रॅमच्या आसपास भरते, कथील-बिस्मथमध्ये तेराच्या.

बारकावा कुठे टिकतो

नॉर्वेत गोकस्टाडला सापडलेल्या व्हायकिंग जहाजावर प्रत्येक बाजूला ३२ ढाली होत्या, व्यास सुमारे ९४ सेंटिमीटर. आपल्या मापात ती ढाल १७ मिलिमीटरची चकती होते, इथवर ठीक. पण फळीची सहा-सात मिलिमीटर जाडी इथे ०.१२ मिलिमीटर होते, आणि ती कशातच ओतता येत नाही. रेझिनसाठी किमान पाऊण मिलिमीटर धरा, हाताने ओतलेल्या धातूसाठी पूर्ण एक. कडा आतून तिरपी कापली की पुढून ढाल पातळ दिसते.

कडीचिलखताच्या कड्या, वेणी घातलेली दाढी, असलं काम रेझिन हुबेहूब उचलतं. धातूही उचलतो, पण साचा तापल्यावरच. थंड साच्यात पहिल्या दोन-तीन प्रती सुरकुतलेल्या निघतात. त्या परत वितळवा.

पोझ निवडताना स्कॉटलंडच्या लुईस बेटावर सापडलेली बुद्धिबळाची जुनी मोहरी पाहा. त्यातले ढालीची कड दातांत धरलेले रखवालदार म्हणजे ओतकामाला आदर्श पोझ: ढाल अंगाला चिकटलेली, मोकळं लटकणारं काही नाही. शिरस्त्राण नॉर्वेत येर्मुंडबूला १९४३ मध्ये सापडलेल्या व्हायकिंग शिरस्त्राणासारखं गोल, डोळ्यांभोवती चष्म्यासारखं कडं असलेलं करा. व्हायकिंगांच्या डोक्यावर शिंगं रूढ झाली ती जर्मनीत बायरॉइटला १८७६ मध्ये झालेल्या वाग्नरच्या ऑपेराच्या वेशभूषेमुळे. शिवाय शिंगांत हवा अडकते, तेव्हा इतिहास आणि साचा दोघांचंही मत एकच.

नमुन्याची पुट्टी

ग्रीन स्टफ ही दोन रंगांच्या भागांची एपॉक्सी पुट्टी घ्या. निळा-पिवळा समप्रमाणात मळला की तासभर काम करता येतं, एका दिवसात पक्का होतो. पिवळा जास्त घातला तर मऊ, निळा जास्त घातला तर कडक. पट्टीच्या स्वरूपात मिळाला तर दोन्ही रंग जिथे भिडतात तिथली दोनेक मिलिमीटरची चिंधी आधी कापून टाका. तिथे तो आधीच जमलेला असतो आणि चेहऱ्यावर दाणे येतात. कुऱ्हाडीच्या पात्यासारख्या धारदार कडांना मिलिपुट ही दुसरी पुट्टी बरी, कारण ती घासता येते. एम-सील तारेच्या सांगाड्यावर आतला भर घालायला चालते, चेहऱ्याला नाही. पॉलिमर क्ले सावकाश घडवता येते, भट्टीत साधारण १३० अंशांवर भाजावी लागते. मात्र पुढेमागे व्यावसायिक ओतकाम्याकडे व्हल्कनाइज्ड रबरचा साचा करून घ्यायचा असेल, तर ती त्या दाबाला आणि उष्णतेला टिकत नाही.

साचा

एपॉक्सी पुट्टीच्या नमुन्यावर प्लॅटिनम-क्युअर (प्लॅटिनमच्या संयुगाने जमणारं) सिलिकॉन कधी कधी जमतच नाही, लगत चिकट थर राहतो. टिन-क्युअर (कथलाच्या संयुगाने जमणारं) वापरा. वरच्या नमुन्याला ३५ × ३२ × ५५ मिलिमीटरची पेटी पुरते, सिलिकॉन दोन्ही भाग मिळून सुमारे ७० ग्रॅम. हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, बहुधा ३ ते ५ टक्के. अर्ध्या साच्याला तो एक-दोन ग्रॅमच होतो, म्हणून सोनारी काटा लागतो. सल्फर नसलेल्या प्लॅस्टिसिनमध्ये नमुना निम्मा पुरा, दोन्ही भाग नेमके बसावेत म्हणून चार खळगे पाडा, पहिला भाग ओता. दुसरा भाग ओतण्याआधी व्हॅसलिनचा पातळ हात फिरवायला विसरलात तर दोन्ही भाग एकजीव होतात आणि सुरीशिवाय उपाय राहत नाही.

योद्धा उलटा ठेवून बेसकडून ओततात. त्यामुळे एरवी खाली लोंबणारी टोकं साच्यात वर जातात: झग्याचा काठ, खाली धरलेली तलवार, ढालीची खालची कड. हवा तिथेच कोंडते. त्या प्रत्येक टोकापासून वरपर्यंत अर्धा मिलिमीटर खोल व्हेंट, म्हणजे हवेची वाट, ब्लेडने कापा. धातूसाठी स्प्रू नरसाळ्यासारखा रुंद ठेवा, वरच्या धातूच्या वजनानेच खालचं भरतं.

धातू ओतायच्या साच्यात टाल्कम पावडर भुरभुरून झटका. धातू सरकतो आणि हवेला वाट मिळते. डेन्मार्कमध्ये ट्रेन्डगार्डनला दहाव्या शतकातला शंखजिऱ्याचा साचा सापडलाय, ज्यात क्रॉसही कोरलाय आणि थॉरचा हातोडाही. टाल्कम त्याच खनिजाची पूड.

कोणता धातू

कथील ४२, बिस्मथ ५८ टक्के हा मिश्रधातू १३८ अंशांवर वितळतो, साधं सिलिकॉन पुरतं. पण तो ठिसूळ आहे, वाकडी तलवार सरळ करायला गेलात की तुटते. बिनशिशाचं प्यूटर (बहुतांशी कथील असलेला मिश्रधातू) चिवट, पण ओतताना तीनशेच्या जवळ जावं लागतं आणि उष्णतारोधक सिलिकॉन लागतं. शिसं स्वस्त आणि ओतायला सोपं, तरी मुलं हाताळणार असतील तर नकोच. प्यूटरचं तापमान पाहायला लाकडाची काडी बुडवा: तपकिरी झाली तर ओता, लगेच काळी पडून धुमसली तर थांबा. साच्यात पाण्याचा थेंब असेल तर वाफ होऊन धातू तोंडावर उडतो. गॉगल आणि बंद बूट हवेतच.

पावसाळा, बुडबुडे आणि वास

रेझिनमधला आयसोसायनेट हा रासायनिक घटक दमट हवेतल्या पाण्याशी क्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडतो. जुलैत मुंबई-कोकणात उघडा राहिलेला डबा पुढच्या खेपेला फेसाळतो. गंमत म्हणजे तीच दमट हवा टिन-क्युअर सिलिकॉन लवकर जमवते. तेव्हा पावसाळ्यात साचे करा, रेझिन दिवाळीनंतर ओता.

बुडबुड्यांवर खरा इलाज प्रेशर पॉट, म्हणजे दाबाने हवा भरायचं बंद भांडं, सुमारे ४० पीएसआय दाबाचं. घरचा कुकर त्यासाठी नाही. साचाही त्याच दाबाखाली जमवलेला हवा, नाहीतर सिलिकॉनमधले बुडबुडे दबतात आणि प्रतीवर मोड येतात. पॉट नसेल तर साच्यात आधी ब्रशने रेझिनचा पातळ हात द्या आणि मग ओता. दाढीतले बुडबुडे बरेच कमी होतात. वाफेचा त्रास दम्याच्या माणसाला जास्त. बंद फ्लॅटमध्ये, ऑरगॅनिक व्हेपर मास्कशिवाय रेझिन कालवू नये. अशा घरात धातूच बरा.

भाला मात्र दोन्हींत ओतू नका. दोन मीटरचा भाला इथे ३६ मिलिमीटर होतो. रेझिनमध्ये तो वाकतो किंवा तुटतो, धातूत अर्ध्यातच अडतो. योद्ध्याच्या मुठीला ०.९ मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडून ठेवा, ०.८ मिलिमीटरची पितळी तार घाला, टोक हातोडीने चपटं करून कानशीने पातं काढा.