जपानचं झाइर्यू कार्ड: शिनागावाची खिडकी बरी की ऑनलाइन अर्ज?

झाइर्यू कार्ड म्हणजे जपानात राहणाऱ्या परदेशी माणसाचं निवास ओळखपत्र. नोकरदाराचं नूतनीकरण असेल तर ऑनलाइन, हे आमचं स्पष्ट मत. पहिलं कार्ड मिळवायला काहीच त्रास नाही. नारिता, हानेदासारख्या मोठ्या विमानतळावर उतरल्याबरोबर ते हातात पडतं. घर मिळालं की 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात त्याच्या मागच्या बाजूला पत्ता चढवून घ्यायचा. खरी परीक्षा मुदत संपत येते तेव्हा.

तोक्योच्या निशिकासाई परिसरातल्या आपल्या मंडळींचं कार्यालय म्हणजे शिनागावाचं तोक्यो इमिग्रेशन ब्युरो. शिनागावा स्टेशनच्या कोनान बाजूने बस मिळते. चालायची तयारी असेल तर तेन्नोझू आयल स्टेशनवरून पाऊण तासाच्या आत आरामात पोहोचता येतं. खिडकीचा मोठा फायदा असा की कागद कमी असेल तर तिथल्या तिथे कळतं आणि कार्डाच्या मागे ‘अर्ज विचाराधीन’ असा शिक्का बसतो. मात्र गर्दीपायी अर्धा दिवस जातो, आणि कार्ड घ्यायला पुन्हा यावं लागतं.

ऑनलाइनला रांग नाही, शिवाय फीही कमी. 1 एप्रिल 2025 पासून खिडकीवर 6,000 येन, ऑनलाइन 5,500. अडतं ते माय नंबर कार्डाशी, म्हणजे ऑनलाइन अर्जाला लागणाऱ्या सरकारी ओळख क्रमांकाच्या कार्डाशी. घर बदललं की त्यातलं सहीचं डिजिटल प्रमाणपत्र आपोआप रद्द होतं, आणि त्याचा पासवर्ड पाचदा चुकला की लॉक होतो. म्हणून अर्जाला बसण्याआधी ते चालू आहे ना, हे पाहून घ्या. ऑनलाइन अर्जात कार्डावर शिक्का बसत नाही, तेव्हा अर्ज पोहोचल्याची ईमेल फोनमध्ये जपून ठेवा. आणखी एक, मुदतीच्या शेवटच्या दिवशी ऑनलाइन अर्ज घेत नाहीत. त्या दिवशी खिडकीच गाठावी लागते.

अर्ज मुदत संपण्याच्या तीन महिने आधीपासून करता येतो. निकाल लांबला तरी घाबरू नका: मुदतीत अर्ज गेला असेल, तर निकाल लागेपर्यंत किंवा मुदतीनंतर दोन महिने, यातलं जे आधी होईल तोवर राहणं कायदेशीर असतं. या काळात पुण्याला जाऊन येता येतं, पण ते दोन महिने उलटायच्या आत परत येऊन कार्ड हातात घ्यायला हवं.

कागदांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो रहिवासी कराच्या दाखल्यांचा. दोन दाखले लागतात: कर आकारणीचा आणि कर भरल्याचा. 1 जानेवारीला तुमचा पत्ता ज्या वॉर्डात किंवा शहरात होता, तिथलंच कार्यालय ते देतं. फेब्रुवारीत एदोगावाहून कावासाकीला राहायला गेलात, तरी त्या वर्षाचा दाखला एदोगावाचाच. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर हे दाखले साधारणतः मागत नाहीत. छोट्या कंपनीत मात्र हवेतच. थकबाकी असेल तर आधी भरा, मग दाखला काढा. नोकरी बदलल्याची सूचना 14 दिवसांत दिली नसेल, तर ती अर्जाआधी देऊन टाका; पाच वर्षांऐवजी एकच वर्ष हाती पडण्यामागे असल्या राहून गेलेल्या गोष्टीही असू शकतात.

फोटो 4 बाय 3 सेंटिमीटर, पार्श्वभूमी कोरी, डोक्यावर टोपी नको. फी रोख नसते, शुन्यू-इन्शी म्हणजे महसुली तिकिटं फॉर्मवर चिकटवायची. त्यावर सही किंवा शिक्का मारू नका. कुटुंबातल्या प्रत्येकाचा अर्ज वेगळा आणि फीही वेगळी.

नवं कार्ड आलं की बरेच जण निर्धास्त होतात. पण माय नंबर कार्डाची मुदत आपोआप वाढत नाही. जुन्या मुदतीच्या आत नवं झाइर्यू कार्ड घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलात तर ती लगेच वाढवून मिळते. तारीख उलटली की माय नंबर कार्डासाठी नव्याने अर्ज.