ट्रेल कॅमेऱ्याची पोलादी पेटी आणि केबलचे कुलूप : दोन हंगामांचा अनुभव

पहिला ट्रेल कॅमेरा, म्हणजे झाडाला बांधून ठेवलेला आणि समोरून जाणाऱ्या जनावरांची छायाचित्रे आपोआप टिपणारा कॅमेरा, चोरीला गेला त्या दिवशी झाडाखाली नायलॉनच्या कापलेल्या पट्ट्याखेरीज काहीच शिल्लक नव्हते. पट्टा बकलाजवळ एकाच घावात, धारदार चाकूने कापलेला होता. चोराला त्यासाठी अर्धे मिनिटही लागले नसावे. शिकारीच्या जमिनीवर हंगामाच्या कितीतरी आधीपासून कॅमेरे लावून ठेवावे लागतात, आणि पाणवठ्याकडे उतरणाऱ्या ज्या पायवाटेने हरणे व रानडुकरे जातात तीच वाट येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांनाही सोयीची असते. कॅमेऱ्याबरोबर मेमरी कार्डातली तीन आठवड्यांची छायाचित्रे गेली, याची रुखरुख मला कॅमेऱ्याहून अधिक लागली. त्यानंतर मी पोलादी पत्र्याची संरक्षक पेटी आणि तिला खोडाशी जखडणारे केबलचे कुलूप अशा दोन वस्तू घेतल्या. दोन्हींचा दोन हंगाम वापर झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

पेटीचा पत्रा साधारण दीड मिलिमीटर जाडीचा, म्हणजे ज्याला सोळा गेज म्हणतात तो आहे. कोपरे वेल्ड केलेले असून वर गडद तपकिरी पावडर कोटिंग आहे. मागच्या भिंतीत चार भोके आहेत. त्यांतून षटकोनी डोक्याचे जाड लॅग स्क्रू खोडात पिळायचे, मग कॅमेरा आत ठेवून झाकण लावायचे. झाकण लागले की स्क्रूंची डोकी कॅमेऱ्याच्या पाठीमागे दडतात आणि कुलूप निघाल्याशिवाय त्यांना पान्हा लावता येत नाही. पेटीची खरी ताकद पत्र्याच्या जाडीपेक्षा या साध्या रचनेत आहे. मात्र पेटी कॅमेऱ्याच्या मॉडेलनुसारच घ्यावी. कोणत्याही कॅमेऱ्याला चालते असे सांगून विकलेली एक पेटी मी आधी घेतली होती. तिच्यात कॅमेरा डुगडुगत असे आणि वारा सुटला की रिकाम्या वाटेची शेकडो छायाचित्रे कार्डात भरत.

पहिल्या आठवड्यात या नव्या पेटीनेही निराशाच केली. दिवसाची छायाचित्रे स्वच्छ होती, पण रात्रीची सगळी पांढुरकी आणि धुरकट निघाली. इन्फ्रारेड दिव्यांचा प्रकाश पेटीच्या पुढच्या काठावर आपटून भिंगात परत येत होता, आणि काठाला दिलेले चकचकीत रंगकाम त्यात भर घालत होते. मी तो काठ आतून काळ्या, चमक नसलेल्या रंगाने रंगवला, दिवे आणि भिंग यांच्यामध्ये रबराची पातळ पट्टी चिकटवली आणि कॅमेरा पुढे सरकवून काठाला अगदी भिडवून बसवला. दुसऱ्या रात्रीपासून हरणाच्या कानाची कडसुद्धा ओळखू येऊ लागली. हे काम ग्राहकाने घरी बसून करावे लागते, याचा उल्लेख सूचनापत्रकात असायला हवा होता. हालचाल टिपणाऱ्या संवेदकाबाबतही असेच झाले. हा संवेदक उष्णतेतला फरक ओळखतो आणि त्याची नजर रुंद असते. पेटीचे छिद्र अरुंद असल्यामुळे ती दोन्ही बाजूंनी कापली गेली व वाटेच्या कडेने जाणारी जनावरे सुटू लागली. कानशीने ते छिद्र थोडे पसरट केल्यावर फरक पडला, पण तिथला रंग निघाल्यामुळे पहिल्याच पावसानंतर गंज धरला. घासलेल्या जागी लगेच रंग द्यावा, हे तेव्हा शिकलो.

पेटीबरोबर मिळालेल्या कुलपाविषयी चांगले लिहिता येईल असे काही नाही. त्याची कडी बारीक आहे आणि कुलूप पेटीच्या बाहेर लोंबत राहते, त्यामुळे कटरचे जबडे घालायला भरपूर जागा मिळते. मी ते काढून आखूड कडीचे, पोलादी अंगाचे कुलूप लावले. आकडे जुळवून उघडणारे कुलूप सोयीचे वाटते, परंतु धूळ आणि थंडी यांमुळे त्याच्या चकत्या अडकतात. किल्लीचे कुलूप बरे, आणि सगळ्या पेट्यांना एकाच किल्लीची कुलपे घेतली तर अंधारात बोटे चाचपडत नाहीत. त्यात तेल घालू नये, कारण तेलावर धूळ बसून खळ तयार होते. ग्रॅफाइटची पूड पुरते.

केबलचे कुलूप मात्र मनापासून आवडले. पोलादी तारांची पीळदार केबल, तिच्यावर प्लॅस्टिकचे आवरण आणि टोकाला असे कुलूप की ज्यातून केबल हवी तितकी ओढून कोणत्याही ठिकाणी पक्की करता येते. त्यामुळे खोड बारीक असो वा जाड, केबल त्याच्याभोवती ताणून बसते आणि पेटी खाली सरकत नाही. ती फांदीच्या बेचक्याच्या वरून घ्यावी, म्हणजे कोणी पेटी हिसकून पाहिली तरी केबल खोडावरून उतरत नाही. दुसऱ्या हंगामात एका पेटीवर कोणीतरी प्रयत्न केला. केबलचे आवरण बोटभर सोलले होते, आतल्या तीन-चार तारा तुटून चकाकत होत्या आणि बाकीच्या शाबूत होत्या. खिशातल्या पक्कडीने एवढेच होते. कार्डात त्या दिवशी सकाळची सलग अकरा छायाचित्रे होती, पण त्यांत करड्या बाहीखेरीज काही दिसत नव्हते.

या प्रयत्नावरून दोन्ही वस्तूंची मर्यादा नेमकी कळते. जाता-जाता हात मारणाऱ्याला त्या थोपवतात. लांब दांड्याचा बोल्ट कटर किंवा बॅटरीवर चालणारा ग्राइंडर घेऊन ठरवून आलेल्या माणसापुढे त्यांचा निभाव लागणार नाही. झाड मनगटाएवढे असेल तर तो करवतीने झाडच कापेल, म्हणून मी हाताच्या कवेत जेमतेम मावेल असेच जिवंत खोड निवडतो.

ठरवून येणाऱ्यासाठी कुलपापेक्षा लपणे उपयोगी पडते, आणि इथे पेटीपेक्षा आतल्या कॅमेऱ्याचा संबंध अधिक येतो. 850 नॅनोमीटर तरंगलांबीचे इन्फ्रारेड दिवे लागले की अंधारात समोरून अंधूक लाल ठिपके दिसतात. 940 नॅनोमीटरचे दिवे डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाहीत, मात्र त्यांचा प्रकाश कमी अंतरापर्यंत पोहोचतो. रहदारीच्या वाटेवर मी दुसरा प्रकार वापरतो आणि थोडी अंधारी छायाचित्रे मान्य करतो. त्याशिवाय एक पेटी मी जमिनीपासून सुमारे तीन मीटर उंचीवर, खाली झुकवून लावली आहे. माणूस चालताना सहसा डोळ्यांच्या पातळीवर पाहतो, आणि वर पाहिलेच तरी शिडीशिवाय तिथे हात पोहोचत नाही. अर्थात शिडी प्रत्येक वेळी सोबत आणावी व परत न्यावी लागते, आणि शिडीवर उभे राहून एका हाताने स्क्रू पिळताना कमरेला सुरक्षा पट्टा हवाच. झुकवलेल्या कॅमेऱ्याचा टप्पा कमी होतो, म्हणून तो वाटेच्या अगदी जवळच्या झाडावर हवा. ‘येथे कॅमेरा आहे’ अशी पाटी लावण्याचा सल्ला अनेकजण देतात. मला ती चोराला दाखवलेली वाट वाटते.

मोबाइल जाळ्यावरून छायाचित्र पाठवणारा कॅमेरा या पेटीत चालतो, पण अँटेना बाहेर काढण्यासाठी वरच्या बाजूला भोक पाडावे लागले आणि त्याभोवती सिलिकॉन भरावे लागले. अशा कॅमेऱ्याचा मोठा लाभ हा की कॅमेरा गेला तरी नेणाऱ्याचे छायाचित्र आधीच आपल्यापर्यंत पोहोचलेले असू शकते. कॅमेऱ्यात सांकेतिक क्रमांक घालण्याची सोय असेल तर तो अवश्य घालावा आणि कॅमेऱ्याचा अनुक्रमांक लिहून ठेवावा, कारण तक्रार नोंदवताना तो लागतो.

जमीन दुसऱ्याची किंवा सार्वजनिक असेल तर स्क्रू मारण्यापूर्वी परवानगी विचारावी. बऱ्याच सार्वजनिक जमिनींवर झाडात स्क्रू मारायला बंदी असते, आणि लाकडासाठी राखलेल्या झाडात विसरलेला स्क्रू पुढे यांत्रिक करवतीवर येतो. अशा ठिकाणी मी फक्त केबल वापरतो. स्वतःच्या जमिनीवरही दर वर्षी स्क्रू दोन-तीन वेढे सैल करावे लागतात. मी पहिल्या वर्षी ते विसरलो आणि वाढत्या खोडाने पेटीची मागची भिंत फुगवून टाकली, त्यामुळे झाकण आजही गुडघ्याचा रेटा दिल्याशिवाय लागत नाही.

पुढच्या हंगामासाठी आणखी दोन केबल मागवल्या आहेत. पेटी एकच घेणार आहे, आणि ती कुलपाशिवाय मिळते का, हे विक्रेत्याला विचारले आहे.