एक वायरमन, दोन साइट्स: शीट, प्रोजेक्ट की रिसोर्स गुरू?

आमचं गोव्यात, फोंड्याला इंटिरियरचं ऑफिस. अकरा माणसं, एका वेळी सहा साइट्स. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तोंडावर एकदा एकच वायरमन एकाच मंगळवारी पर्वरीलाही लावलेला आणि काणकोणलाही. दोन सुपरवायझर, दोघांची यादी वेगळी. बिचारा वायरमन सकाळी आठला फोन करून विचारतोय, "नेमकं जाऊ कुठे?" तेव्हापासून कुणाला कधी कुठे लावायचं, याची एकच यादी ठेवण्याचा विषय मी मनावर घेतला. त्यासाठीचे तीन पर्याय असे.

गूगल शीट फुकट, आणि ती सगळ्यांना जमते. एका ओळीत एक माणूस, एका रकान्यात एक दिवस. पाच-सहा माणसं असतील तर दुसरीकडे पैसे घालूच नका. मात्र यादी एकच ठेवा, कारण एका चौकटीत दोन साइट्स लिहिल्या तरी शीट आपणहून हटकत नाही.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हा कामांची आखणी करायचा प्रोग्राम. तो कामाकडून माणसाकडे येतो. वायरिंग झाल्याशिवाय फॉल्स सीलिंग नाही, हे त्याला एकदा सांगितलं की पुरे. सगळ्या साइट्सच्या फाइल्स एकाच रिसोर्स पूलला, म्हणजे माणसांच्या सामायिक यादीला, जोडल्या की कुणावर भार जास्त झालाय ते लाल दिसतं, आणि लेव्हलिंग चालवलं की कामं पुढे सरकवून तो भार उतरवता येतो. इथे जपायला हवं. गृहप्रवेशाचा मुहूर्त लेव्हलिंगला कळत नाही. त्या कामाची प्रायॉरिटी नेहमीच्या ५०० वरून १००० करा, मग ते हलत नाही. पण रोज बसून हे भरणारा माणूस हवा.

रिसोर्स गुरू हा माणसांच्या वेळेचं बुकिंग ठेवणारा ऑनलाइन प्रोग्राम. तो माणसाकडून सुरू होतो. आधीच गुंतलेल्या माणसाला पुन्हा लावायला गेलात, तर ते तिथल्या तिथे दाखवतो आणि बुकिंग वेटिंग लिस्टवर ठेवता येतं. पैसे दरमहा, माणशी. कामांची साखळी लावण्यात मात्र प्रोजेक्टची सर नाही.

काहीही घ्या, आठ तासांचा दिवस आठ तासांचा धरू नका. फोंड्याहून काणकोणला जाऊन-येऊन तीन तास जातात, म्हणून तिथला दिवस आम्ही पाचच तासांचा भरतो. ३ डिसेंबरचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन आणि चवथीला गावी जाणाऱ्या सुतारांचा अख्खा आठवडा, हे सगळं कामं भरण्याआधी टाकतो.

आमच्याकडे भांडण माणसांवरून व्हायचं, म्हणून रोजचं नियोजन रिसोर्स गुरूवर. तुमचं घोडं कामांच्या क्रमावर अडत असेल, तर प्रोजेक्ट शिकायला महिनाभर द्या.