हिमालयनच्या मागच्या टायरचं माप: १४० ची हौस आणि १३० चे नऊ महिने

गाडी म्हणजे २०१९ ची रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ मोटरसायकल. स्पोकची चाकं, ट्यूबवाले टायर. कंपनीचं माप पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/९०-१७ (पहिला आकडा रुंदीचा, बाकीचे पुढे सांगतो). मीटर आज ४३ हजारांवर आहे. त्यातले शेवटचे ११ हजार ४०० किलोमीटर मागे १३०/८०-१७ चालतोय, आणि त्याच्याआधी जेमतेम ६०० किलोमीटर १४०/८०-१७ होता. त्या ६०० बद्दल आधी लिहितो. पैसे त्यातच गेले आणि अक्कलही तिथेच आली.

मागचे पहिले दोन्ही टायर मूळ मापाचे होते. दोघांनी मिळून ३१ हजार काढले, तक्रार नाही. दुसरा शेवटी शेवटी मधोमध सपाट झाला. सामान लादून पुणे-बंगळूर हायवेवर तासन् तास सरळ चालवलं की मधला पट्टा घासून चौकोनी होतो, कडांवरची नक्षी मात्र शाबूत राहते. मग घाटात गाडी झोपवताना ती एका ठरावीक कोनावर अडते आणि तिथून पुढे एकदम पडल्यासारखी जाते. आधी वाटलं बेअरिंग गेलं. वाकून टायर बघितल्यावर कळलं.

नवा टायर घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "शेठ, १२० काय लावताय? एवढी उंचीपुरी गाडी, १४० टाका. मागून रणगाडा दिसेल." मी विचारलं, बसेल का? "आरामात बसतो, कितीतरी जणांना लावून दिलेत." आणि बसला खरा. चाक फिरलं, गाडी स्टँडवरून उतरली, मागून दिसलीही झकास. पण टायर बसणं वेगळं आणि चालणं वेगळं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

पहिल्याच रविवारी ताम्हिणीला गेलो. वळणात गाडी आत जायलाच तयार नाही. हँडलवर जोर द्यायचा, ती थोडी झुकायची, हात सैल पडला की पुन्हा उभी. ज्या घाटात मी गप्पा मारत जातो तिथून उतरताना खांदे भरून आले. पौडच्या अलीकडे चहाला थांबलो आणि सवयीने चाकाकडे बघितलं. टायरच्या डाव्या कडेवर गोल फिरत गेलेली काळी, चकचकीत रेघ होती. बोट लावलं तर चेनचं वंगण. डबल सीट आणि दोन्ही बॅगा भरलेल्या असताना खड्ड्यात चाक आपटलं की टायर चेनला पुसून जात होता. मूळ टायरला त्या फटीत माझी करंगळी जायची. आता आगकाडी जेमतेम जात होती, आणि तीही ओल्या चिखलाच्या थराला घासून.

घरी येऊन गणित मांडलं. ते आधी मांडायला हवं होतं. १२०/९०-१७ मध्ये १२० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे उंची नव्हे, तर रुंदीच्या ९० टक्के उंची, म्हणजे १०८ मिमी. १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. दुकानात सगळे म्हणतात की ८० चा टायर बुटका असतो. पण १४० चे ८० टक्के होतात ११२, म्हणजे 'बुटका' १४०/८० हा मूळ टायरपेक्षा ४ मिमी उंच निघाला. चाकाचा एकूण व्यास मूळ टायरला साधारण ६४८ मिमी, १४०/८० ला ६५६ आणि १३०/८० ला ६४०. म्हणजे १४० रुंदीला तर खेटतोच, शिवाय स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या, पुढच्या आडव्या पट्टीच्याही जवळ जातो. चेन नवी असेल आणि ॲक्सल खाचेत पुढे सरकवलेला असेल, तर ते अंतर आणखी कमी.

पण खरी गोम रिममध्ये आहे. टायर किती रुंद घ्यायचा हे स्विंगआर्ममधली जागा नाही, रिमची रुंदी ठरवते. टायर कंपन्यांच्या तक्त्यात प्रत्येक मापापुढे किमान आणि कमाल रिम रुंदी दिलेली असते, आणि तुमच्या रिमवर तिची रुंदी कोरलेली असते. स्पोकजवळचा चिखल पुसा आणि वाचा. माझी रिम १४० साठी अरुंद आहे. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि माथा फुगून टोकदार होतो, पिशवीचं तोंड आवळल्यासारखा. रस्त्याला टेकणारा पट्टा त्यामुळे फारसा वाढत नाही. वजन मात्र वाढतं आणि वळणाची चव जाते. ताम्हिणीहून आलेल्या त्या टायरच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीच्या पट्ट्यात नव्या टायरवरचे रबरी केस तसेच उभे होते. रस्ता तिथपर्यंत पोचलाच नव्हता.

६०० किलोमीटर वापरलेला टायर दुकानदाराने परत घेतला नाही. एका ओळखीच्याला अर्ध्या किमतीत दिला. त्याच्या गाडीची रिम रुंद आहे, तो खूश आहे.

मग परत १२०/९० का नाही घेतला? प्रामाणिकपणे सांगायचं तर रुंदीसाठी १३० घेतलेला नाही. मला डांबरावर शांत चालणारा आणि पावसात धरणारा टायर हवा होता, आणि तो मला १३०/८०-१७ मध्ये मिळाला. हे माप जुनं आणि जगभर फिरलेलं आहे. होंडाच्या जुन्या ट्रान्साल्प ६०० ला आणि कावासाकीच्या केएलआर ६५० ला पुढे ९०/९०-२१ आणि मागे हेच १३०/८०-१७ येतं. त्यामुळे टूरिंगच्या टायरांत या जोडीला निवड भरपूर आहे. रिमच्या तक्त्यातही १३० माझ्या रिमला बसत होता. मूळ टायरच्या कडेवर ६४एस लिहिलेलं आहे. ६४ म्हणजे २८० किलो भार, एस म्हणजे ताशी १८० पर्यंतचा वेग. नव्यावर ६५एस, म्हणजे २९० किलो. हा आकडा मूळपेक्षा खाली जाऊ देऊ नका, विशेषतः डबल सीट फिरत असाल तर. आमचं कुटुंब, दोन बॅगा, तंबू आणि घरच्या लाडवांचा डबा हे सगळं त्या एका मागच्या चाकावरच बसतं.

टायर बरोबर घेतला, पण चढवताना दुसरा घोळ झाला. या वेळी दुकान वेगळं होतं. तिथल्या पोराने जुनीच ट्यूब आत घातली. "चांगली आहे साहेब, कशाला खर्च करता." मीही मान डोलावली. साधारण हजार किलोमीटरनंतर संकेश्वरला हायवे सोडून गडहिंग्लज-आजऱ्यामार्गे आंबोलीकडे निघालो होतो. जुलै महिना, पाऊस असा की हेल्मेटची काच आतून-बाहेरून सारखीच ओली. आजऱ्याच्या पुढे गाडीचं बूड हलायला लागलं. उतरून बघितलं तर वॉल्व्ह रिमच्या भोकातून सरळ उभा नव्हता, मागे वाकलेल्या माणसासारखा तिरका झालेला. हवा कमी झाली की ब्रेक मारताना टायर रिमवर कणाकणाने सरकतो, आतली ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि वॉल्व्ह भोकात अडकून मुळाशी फाटतो. तिथे पॅच बसत नाही. जुनी ट्यूब आधीच १२० च्या मापाला ताणून बसलेली, तिला १३० मध्ये आणखी फुगवलं होतं. पंक्चरवाल्या काकांनी ती बाहेर काढून माझ्यासमोर धरली. कडेला पातळ होऊन तिच्यातून बोटाची सावली दिसत होती. नवी ट्यूब माझ्याकडे होती म्हणून त्या दिवशी सावंतवाडी गाठली. काका ५० रुपये जास्त घ्यायला तयार नव्हते, चहा मात्र घेतला.

तेव्हापासून वॉल्व्हचा नट मी रिमला घट्ट आवळत नाही. तो वर टोपीपर्यंत नेऊन ठेवतो. टायर सरकायला लागला की वॉल्व्ह लगेच तिरका दिसतो, फाटायच्या आत कळतं. आणि नव्या टायरला नवी ट्यूब, तीही त्याच मापाची. ट्यूबवर कोणकोणत्या मापांना चालते ते छापलेलं असतं.

आता नऊ महिन्यांचा हिशेब. वळणात गाडी पुन्हा ओळखीची झाली. १२० शी तुलना केली तर आत जाताना अगदी किंचित जड आहे, पण तो फरक पहिल्या दिवशी जाणवला, आठवड्यात विसरलो. ओल्या डांबरावर हा टायर मूळ टायरपेक्षा निःसंशय चांगला आहे. अर्थात त्याचं श्रेय रबराला, रुंदीला नाही. दहा मिलिमीटरने पावसात जादू होत नाही. झेब्रा पट्ट्यांवर आणि टोलनाक्याच्या तेलकट सिमेंटवर सगळेच टायर घसरतात, हाही घसरतो. मुंबई-गोवा हायवेच्या काँक्रीटवर जुना टायर खाचांच्या मागे मागे जायचा, हा सरळ जातो.

चाक व्यासाने ८ मिमी लहान झालं, म्हणजे सव्वा टक्का. जिथे इंजिन आधी ४००० आरपीएमवर फिरायचं तिथे आता ४०५० वर. चढावर गाडी थोडी मोकळी वाटते असं मी मित्रांना सांगतो, पण खरं सांगायचं तर ते मनाचे खेळही असतील. ॲव्हरेज ३० च्या आसपास होतं आणि तिथेच आहे. १४० च्या त्या ६०० किलोमीटरमध्ये २८ वर आलं होतं. मागची बाजू ४ मिमी खाली आली, ती डोळ्याला दिसत नाही.

झीज: नवा असताना मधोमध साडेआठ मिमी खोली होती, आज साडेचार आहे. हवा एकटा असताना मागे ३२ पीएसआय ठेवतो, डबल सीट आणि सामान असलं की मॅन्युअलप्रमाणे वाढवतो, आणि हवा सकाळी टायर थंड असतानाच बघतो. मध्ये थोडा सपाटपणा यायला लागलाय, पण घाट अडवण्याइतका नाही.

न आवडलेलं म्हणजे आवाज. साठ ते सत्तरच्या दरम्यान खालून एक घुमणारा सूर येतो, दूरवर गिरणी चालू असल्यासारखा. टायर झिजतोय तसा तो वाढतोय. शेताडीच्या लाल चिखलात हा टायर मूळ टायरपेक्षा लवकर माखतो आणि नुसता फिरत राहतो. तिथे अरुंद टायर खाली जाऊन जमीन शोधतो, हा वरच तरंगतो. ज्यांची अर्धी वाट कच्ची आहे त्यांनी १२०/९० सोडायचं कारण मला दिसत नाही. माझी कच्ची वाट म्हणजे गावच्या घरापुढचे दोनशे मीटर.

आणखी एक. टायर चढवून झाल्यावर दुकानातून लगेच निघू नका. कडेवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेने आहे ना बघा. रिमच्या काठाला लागून टायरवर एक बारीक गोल रेघ असते, ती सगळीकडून सारख्या अंतरावर हवी. माझ्या चाकाला ती एका जागी रिमखाली गडप झाली होती. हवा काढून, कडेला साबणाचं पाणी लावून पुन्हा भरली तेव्हा 'टप्प' आवाज करून बसली. तशीच निघालो असतो तर चाक उडतंय म्हणून पुन्हा बेअरिंगवर संशय घेतला असता.

पुढचा टायर आता टक्कल पडण्याच्या बेताला आलाय, पुढच्या महिन्यात बदलेन. तिथे मापाचा विचारच करायचा नाही, ९०/९०-२१. मागच्याच कंपनीचा, त्याच जातीचा. फक्त कडेवरचे चार आकडे वाचून घेणार, पहिले दोन म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे वर्ष. मागच्या वेळी दुकानदाराने 'नवाकोरा' म्हणून पुढे केलेला टायर तीन वर्षांचा होता.